प्राणवायूच्या यंत्रातले पांढरे मणी

भोरहून रायरेश्वराच्या दिशेने निघाले की वाटेत आंबवडे लागते. झुलता पूल आणि झाडीत बसलेले नागेश्वराचे देऊळ पाहायला लांबून माणसे तिथे येतात. हा सगळा मुलूख एकाच काळ्या खडकाचा, बेसॉल्टचा. सह्याद्रीत विहीर खणताना किंवा रस्त्यासाठी डोंगर कापताना हा खडक फुटला, की अधूनमधून त्याच्या पोटात मुठीएवढी, कधी घागरीएवढी पोकळी निघते. तिच्या भिंतींवर पांढरे, फिकट गुलाबी, हिरवट खडे चमचमताना दिसतात. गावाकडे त्या सगळ्यांना एकच नाव आहे, गारगोटी.

त्यातले काही खडे खरोखरच गारगोटीचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात. पण बरेचसे वेगळ्याच कुळातले असतात, त्या कुळाचे नाव झिओलाइट. याच कुळातले, मात्र कारखान्यात तयार केलेले स्फटिक आज खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत पोहोचले आहेत. ते दिसत नाहीत. खाटेशेजारी घरघरणाऱ्या ऑक्सिजनच्या यंत्रात, दोन बंद नळकांड्यांमध्ये ते भरलेले असतात. करोनाच्या दुसऱ्या लाटेत धावपळ करून घेतलेली यातली अनेक यंत्रे नंतर चादरीखाली झाकून कोपऱ्यात गेली. आता घरातल्या कुणाचा जुना दमा बळावला की ती पुन्हा बाहेर निघतात. यंत्र चालू होते, काचेच्या नळीतला गोळा वर चढतो, नाकाशी वारा लागतो. त्या वाऱ्यात प्राणवायू किती आहे, हे मात्र आतले स्फटिक कोणत्या अवस्थेत आहेत त्यावर ठरते.

या स्फटिकांची गोष्ट जुनी आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. निवताना त्यात वायूचे बुडबुडे अडकून राहिले आणि खडकात पोकळ्या उरल्या. पुढे खनिजे विरघळलेले गरम पाणी त्या पोकळ्यांतून झिरपत राहिले आणि स्टिलबाइट, ह्यूलँडाइट, स्कोलेसाइट असे झिओलाइट तिथे वाढले. पुणे, नाशिक, जळगाव, छत्रपती संभाजीनगर या भागांतले नमुने जगभरच्या संग्रहालयांत मानाने मांडलेले असतात. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणींत तर कॅव्हनसाइट नावाचे गर्द निळे खनिज निघते, ज्यासाठी परदेशी संग्राहक वाटेल ती किंमत मोजतात. सिन्नरच्या 'गारगोटी' संग्रहालयात हे वैभव आपल्यालाही पाहता येते.

झिओलाइट हे नाव स्वीडनच्या अॅक्सेल क्रॉनस्टेट यांनी १७५६ मध्ये दिले. त्यांनी असा एक खडा तापवला, तर तो उकळी आल्यासारखा फसफसू लागला. आतून पाण्याची वाफ निघत होती. ग्रीक भाषेतल्या 'उकळणे' आणि 'दगड' या दोन शब्दांवरून त्यांनी नाव ठेवले. गंमत अशी, की अशा अनेक खड्यांतले पाणी बेताने तापवून घालवले तरी खडा मोडत नाही. त्याला पुन्हा ओल मिळाली की तो तेवढेच पाणी परत पितो. ही साधी गोष्ट ध्यानात ठेवावी, खाटेशेजारच्या यंत्राचे निम्मे आजार तिच्यातूनच होतात.

पाणी राहते कुठे? स्फटिकात अणूंची मांडणी ठरावीक नक्षीत पुन्हा पुन्हा येते. मिठाच्या खड्यात ही मांडणी गच्च असते. झिओलाइटमध्ये सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजनचे अणू असा सांगाडा रचतात, की आत खोल्या आणि खोल्यांना जोडणाऱ्या दारांची रांग तयार होते. दारांची रुंदी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्श्याच्या आसपास, अनेकदा त्याहूनही कमी. पण एका स्फटिकातले प्रत्येक दार त्याच मापाचे. सांगाड्यातल्या अॅल्युमिनियममुळे ऋण विद्युतभार उरतो आणि तो भागवायला सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम किंवा लिथियमचे धनभारित कण खोल्यांमध्ये राहतात. दाराचे माप आणि आतले हे भाडेकरू बदलले की तोच दगड वेगळे काम करू लागतो. धुण्याच्या अनेक पावडरींत झिओलाइट असतो, तो जड पाण्यातले कॅल्शियम स्वतःकडे घेऊन बदल्यात सोडियम सोडतो. तेल शुद्धीकरण कारखान्यांत तो रासायनिक क्रिया घडवून आणतो. या दुसऱ्या कामात पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा मोठा वाटा आहे. तिथे पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेला झिओलाइट उत्प्रेरक १९८० च्या दशकात बडोद्याच्या कारखान्यात प्रत्यक्ष वापरात आला.

आता हवेकडे येऊ. आपण घेतो त्या हवेत साधारण ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि एक टक्क्याच्या आसपास आरगॉन असतो. ऑक्सिजन हवा असेल तर नायट्रोजन बाजूला काढला पाहिजे. झिओलाइटला 'रेणूंची चाळणी' म्हणतात, त्यामुळे पुष्कळांचा समज होतो की लहान रेणू पलीकडे जातो आणि मोठा अडकतो. इथे तसे घडत नाही. दोन्ही रेणूंच्या आकारात फरक अगदी थोडा आहे आणि दोघेही आत शिरतात. पण नायट्रोजनच्या रेणूतली विद्युतभाराची वाटणी अशी असते, की खोल्यांमधले सोडियम किंवा लिथियमचे कण त्याला जास्त जोराने धरून ठेवतात. ऑक्सिजनवर ती पकड ढिली असते. त्यामुळे दाबाखाली हवा सोडली, की नायट्रोजन चिकटून बसतो आणि ऑक्सिजन पुढे निसटतो.

यंत्रात मोहरीएवढ्या किंवा त्याहून बारीक पांढऱ्या मण्यांनी भरलेली दोन नळकांडी असतात. प्रत्येक मणी म्हणजे मातीसारख्या पदार्थाने एकत्र बांधलेले असंख्य सूक्ष्म स्फटिक. कॉम्प्रेसर पहिल्या नळकांड्यात हवा दाबतो. काही सेकंदांत तिथल्या खोल्या नायट्रोजनने भरत आल्या, की झडप फिरते, हवा दुसऱ्याकडे वळते आणि पहिल्यातला दाब सोडला जातो. दाब उतरताच नायट्रोजन सुटून बाहेर जातो. यंत्रातून ठरावीक अंतराने 'फुस्स' असा आवाज येतो, तो याचाच. अमेरिकेतल्या चार्ल्स स्कारस्ट्रॉम यांना या पद्धतीचे पेटंट १९६० मध्ये मिळाले. आरगॉन मात्र ऑक्सिजनसोबतच निघून येतो, म्हणून चांगले यंत्रही साधारण ९५-९६ टक्क्यांच्या पुढे जात नाही. रुग्णाला त्याने काही फरक पडत नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये हे सगळे शब्द अचानक वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर आले. आयआयटी मुंबईत प्रा. मिलिंद अत्रे यांच्या मार्गदर्शनाखाली, नायट्रोजन तयार करणाऱ्या एका संयंत्रातली कार्बनची चाळणी काढून तिथे झिओलाइट भरण्यात आला आणि त्यातून ९३ ते ९६ टक्के शुद्धतेचा ऑक्सिजन मिळाला. टाटा कन्सल्टिंग इंजिनियर्स आणि स्पॅनटेक या कंपन्या त्यात सोबत होत्या. उद्योगांत पडून असलेली यंत्रे रुग्णालयांच्या कामी यावीत, हा हेतू होता. देशभरात पीएम केअर्स निधीतून बाराशेहून अधिक ऑक्सिजन संयंत्रे मंजूर झाली. आणि मग लक्षात आले, की संयंत्रे उभी करता येतील, पण त्यात भरायचा योग्य प्रतीचा झिओलाइट पुरेसा नाही. त्या मे महिन्यात एअर इंडियाच्या विमानांतून तो रोमहून बंगळुरूला आणावा लागला.

ज्या देशाच्या डोंगरात जगातले देखणे झिओलाइट निघतात, त्याने पांढरे मणी विमानाने मागवावेत, हे अनेकांना खटकले. पण डोंगरातला खडा त्या कामाचा नव्हता. नैसर्गिक स्टिलबाइट किंवा स्कोलेसाइटमधल्या वाटा अरुंद असतात, त्यात दुसरी खनिजे मिसळलेली असतात आणि दोन खडे सहसा एकसारखे नसतात. यंत्राला लागणारा झिओलाइट रुंद खोल्यांचा आणि लिथियम किंवा सोडियमने नेमका भरलेला हवा. तो सिलिका, अॅल्युमिना आणि क्षारापासून घडवावा लागतो. आपल्याकडे उणीव होती ती हे घडवण्याच्या मोठ्या कारखान्यांची.

ऑक्सिजन यंत्राचा खरा हक्काचा रुग्ण करोनाचा नाही. तो सीओपीडीचा, ज्याला लोक सरसकट दमा म्हणतात. या आजारात फुप्फुसातल्या नळ्या कायमच्या आकसतात. हा विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा आजार असे अजूनही मानले जाते. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये वेगळे चित्र मांडले. जगात तंबाखू ओढणारे सुमारे शंभर कोटी, तर लाकूड, गोवऱ्या, काटक्या यांच्या धुरात राहणारे सुमारे तीनशे कोटी. तेव्हा जगभराचा विचार करता चुलीचा धूर हेच या आजाराचे सर्वांत मोठे कारण असू शकेल, असे त्यांचे म्हणणे होते. भोर-वेल्ह्याच्या पावसाळी पट्ट्यात ओली लाकडे फुंकत उभी हयात चुलीपुढे काढलेल्या बायका आठवा, म्हणजे ते पटते. गॅस आला तरी अंघोळीचे पाणी अनेक घरांत आजही चुलीवरच तापते.

अशा रुग्णाच्या रक्तातला ऑक्सिजन विश्रांतीतही फार कमी राहत असेल, म्हणजे बोटावरच्या ऑक्सिमीटरवर सतत ८८ किंवा त्याखाली, तर घरी रोज किमान पंधरा तास ऑक्सिजन घेतल्याने आयुष्य वाढते. ब्रिटनमधली १९८१ ची चाचणी लहान होती, पण तिचा निकाल बोलका आहे. ऑक्सिजन घेणाऱ्या ४२ रुग्णांपैकी पाच वर्षांत १९ दगावले. न घेणाऱ्या ४५ पैकी ३०. मात्र प्रत्येक धाप लागणाऱ्याला यंत्र हवे असे नाही. ज्यांचे प्रमाण फक्त थोडे कमी होते, त्यांना घरच्या ऑक्सिजनचा फायदा झाला नाही, हे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अमेरिकी अभ्यासात दिसले. यंत्र घ्यायचे की नाही, हे शेजाऱ्याच्या सांगण्यावरून न ठरवता धमनीतल्या रक्ताची तपासणी करून ठरवावे.

क्रॉनस्टेटचा उकळणारा दगड इथे पुन्हा भेटतो. झिओलाइट नायट्रोजन धरतो, पण पाणी त्याहून कितीतरी घट्ट धरतो. हवेतला दमटपणा मण्यांपर्यंत पोहोचला की खोल्या पाण्याने भरतात, नायट्रोजनला जागा उरत नाही आणि तो ऑक्सिजनबरोबर रुग्णाच्या नाकात येतो. चालू यंत्रात यापासून बरेचसे संरक्षण असते. बंद पडून राहिलेल्या यंत्रात, सांधे ढिले झाले असतील तर, ओल हळूहळू आत शिरते. आंबवड्यासारख्या गावात चार महिने भिंती ओलसर असतात. २०२१ मध्ये घेतलेले आणि तीन-चार पावसाळे कोपऱ्यात काढलेले यंत्र 'नवेकोरे' दिसत असले तरी ते नवे नसते. एकदा ओलावलेले मणी पुन्हा कामाला आणायचे तर खूप तापवावे लागतात. ते काम कारखान्याचे. घरच्या यंत्राचे नळकांडेच बदलावे लागते.

यातला फसवा भाग असा, की यंत्रावरचा गोळा फक्त मिनिटाला किती लिटर वायू येतो ते दाखवतो. त्यात ऑक्सिजन किती, हे तो सांगत नाही. मणी बिघडले तरी गोळा पाचवरच राहतो. रुग्णाची पातळी उतरली की घरचे लोक प्रवाह वाढवतात. मणी आधीच थकलेले असतील तर जास्त प्रवाहाला शुद्धता आणखी घसरते, आणि रुग्णाला जवळजवळ साधी हवाच मिळत राहते. चांगल्या यंत्रात शुद्धता मोजणारा सेन्सर असतो. ती ८२ टक्क्यांच्या खाली गेली तर इशारा मिळावा, अशी जागतिक आरोग्य संघटनेची अपेक्षा आहे. तो दिवा पिवळा किंवा लाल झाला, तर आवाज त्रासदायक वाटतो म्हणून तो बंद करणे हे सर्वांत वाईट. २०२१ मध्ये बाजारात आलेल्या काही स्वस्त यंत्रांत असा सेन्सरच नव्हता. अशा यंत्राची शुद्धता तंत्रज्ञाकडून ऑक्सिजन अॅनालायझर लावून, रुग्णाला लागणाऱ्या प्रवाहावरच मोजून घ्यावी. एका लिटरला ९३ टक्के देणारे यंत्र पाच लिटरला तेवढेच देईल, असे गृहीत धरू नये.

उलट बाजूही आहे. यंत्र उत्तम असेल तर मनाने प्रवाह वाढवणे सीओपीडीच्या रुग्णाला घातक ठरू शकते. त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड साठतो, रुग्ण सुस्तावतो, झोपाळू होतो, आणि घरच्यांना वाटते की आता शांत झोप लागली. ऑक्सिमीटरवर ८८ ते ९२ एवढे त्याला बहुधा पुरते, ९९ चा हट्ट नको.

यंत्र स्वयंपाकघरात किंवा चुलीजवळ ठेवू नये. धूर आणि धुळीने जाळी तुंबते, आणि आगीचा धोका असतोच. समई, उदबत्ती, विडी यांपासून लांब. भिंतीपासून थोडे सुटे, म्हणजे कॉम्प्रेसर तापणार नाही. बाहेरची जाळी आठवड्याला धुवावी आणि पूर्ण वाळवूनच लावावी, कारण ओली जाळी म्हणजे ओलीला आमंत्रण. पाच लिटरचे यंत्र साधारण ३५० वॅट वीज घेते, म्हणजे पंधरा तासांना पाच युनिटच्या थोडे वर. महिन्याच्या बिलात ते जाणवते आणि पैसे वाचवायला बरेच जण यंत्र रात्रीपुरतेच लावतात. ते टाळावे, पण ही अडचण खरी आहे. डॉक्टरांनी आधीच विचारायला हवी. डोंगराळ भागात वीज जाण्याचा भरवसा नसल्याने एक भरलेला सिलिंडर जवळ असावा.

याच खोल्यांच्या करामतीवर एक औषधही निघाले आहे. मूत्रपिंड निकामी होत आलेल्या रुग्णाच्या रक्तात पोटॅशियम वाढते आणि हृदयाचे ठोके अचानक थांबू शकतात. सोडियम झिर्कोनियम सायक्लोसिलिकेट ही स्फटिकांची पूड पाण्यात ढवळून घेतात. तिच्यातल्या वाटा पोटॅशियमच्या कणाला बरोबर बसतील अशा मापाच्या आहेत. आतड्यात ती पोटॅशियम उचलते, बदल्यात सोडियम किंवा हायड्रोजनचे कण सोडते, आणि शौचावाटे निघून जाते. स्फटिक रक्तात शिरत नाहीत. अमेरिकेत २०१८ मध्ये तिला मान्यता मिळाली. दहा ग्रॅमच्या मात्रेत सुमारे ८०० मिलिग्रॅम सोडियम असते, त्यामुळे सूज येणाऱ्या किंवा हृदय कमकुवत असलेल्या रुग्णात जपावे लागते. आणि ही पूड डायलिसिस टाळण्याचा मार्ग नव्हे.

पुढचे संशोधन ओलीशीच झगडते आहे. २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल सुसुमु कितागावा, रिचर्ड रॉबसन आणि ओमर याघी यांना मिळाले, ते धातू आणि सेंद्रिय रेणू जोडून केलेल्या सच्छिद्र स्फटिकांसाठी. मॉफ हे त्यांचे चालू नाव. झिओलाइटमधल्या खोल्या निसर्गाच्या मर्यादेत असतात. इथे खोलीचे माप आणि आतला लेप बराचसा मनाजोगा ठरवता येतो. याघी यांनी वाळवंटाच्या हवेतून रात्री पाणी धरणारे मॉफ दाखवले. कॅनडात तयार झालेला जस्ताचा एक मॉफ दमट धुरातूनही कार्बन डायऑक्साइड वेगळा करतो. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या शेजारी पाषाणला असलेल्या आयसर संस्थेत प्रा. सुजित घोष यांचा गट पाण्यातले विषारी घटक पकडणाऱ्या अशाच सच्छिद्र पदार्थांवर काम करतो. दवाखान्यातल्या ऑक्सिजनसाठी मात्र आजही झिओलाइटच वापरला जातो. तो स्वस्त आहे, टिकतो, आणि वर्षानुवर्षे दर काही सेकंदांनी भरणे-रिकामे होणे सोसतो.

बाजारात या साऱ्याचे विकृत रूपही दिसते. 'शरीरातील विष शोषणारी' झिओलाइटची पूड आणि कॅप्सूल ऑनलाइन विकल्या जातात. निरोगी माणसाचे यकृत आणि मूत्रपिंड हे काम करतच असतात, आणि अशा पुडीने आजार बरा होतो याला भरवशाचा पुरावा नाही. उशाशी गारगोटी ठेवून दमा हटवण्याचे दावे तर बोलूच नयेत. झिओलाइट नैसर्गिक आहे म्हणून निरुपद्रवी, हेही खरे नाही. तुर्कस्तानात कॅपाडोशिया भागातल्या करैन, तुझकोय अशा काही गावांत फुप्फुसाच्या आवरणाच्या कर्करोगाने माणसे मोठ्या संख्येने मरत होती. १९७० च्या दशकात डॉ. इझ्झेत्तिन बारिश यांनी त्याचा मागोवा घेतला. लोकांनी घरे बांधली होती त्या मऊ दगडात एरिओनाइट नावाचा तंतूंसारखा झिओलाइट होता. त्याचे न दिसणारे तंतू श्वासातून आत जात होते. एरिओनाइट आज निश्चित कर्ककारक पदार्थांच्या यादीत आहे. आंबवड्याच्या वाटेवर सापडलेला खडा कपाटात ठेवायला हरकत नाही. तो कुटून त्याची पूड मात्र कुणी करू नये.